रस्त्याकाठचा हजार वर्षांचा ओवो

"लांडग्याने नेलं म्हणतोस? तीन वर्षांचं वाळकं हाड? त्यात चाटायला तरी काय उरलंय रे!" ओचिर ओरडला.

"मग काय, पाय फुटले त्याला?" पूरेवने विचारलं.

"मेलेल्या घोड्याला कुठून पाय फुटणार?"

"घोड्याला नाही, घोड्याच्या डोक्याला!"

नऊ वर्षांच्या पूरेवचं हे बोलणं ऐकून एरवी यांजिन पोट धरून हसली असती. पूरेव तिचा धाकटा भाऊ, ओचिर तिचा चुलतभाऊ, तिच्याहून वर्षाने मोठा. सुट्टीत तिघं दिवसभर घोड्यावर आणि एकमेकांच्या खोड्या काढण्यात दंग असत. पण आज यांजिन हसली नाही. ती समोरच्या रिकाम्या दगडाकडे बघत उभी होती.

डोंगराच्या माथ्यावर माणसाहून उंच असा ओवो होता, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांनी एकेक दगड ठेवून रचलेली डोंगरदेवाची रास. त्याला बांधलेली निळी रेशमी वस्त्रं वाऱ्यावर फडफडत होती. येणाऱ्याने तीन प्रदक्षिणा घालायच्या, एक दगड ठेवायचा, डोंगराला नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. आणि त्या ओवोच्या पूर्वेकडच्या सपाट दगडावर असायचं खोंगोरचं डोकं.

खोंगोर म्हणजे दमदिन आजोबांचा फिकट सोनेरी घोडा. अकरा शर्यतींत पहिला आलेला! तो म्हातारा होऊन मेला, तेव्हा आजोबांनी त्याचं डोकं स्वतः इथवर आणून ठेवलं होतं. चांगल्या घोड्याचं डोकं खाली पडू द्यायचं नाही, कुणी त्याला ओलांडता कामा नये. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आजोबा एकदा दूध घेऊन वर येत. बराच वेळ खोंगोरजवळ बसत. काय बोलत, ते कुणी विचारलं नव्हतं.

यंदा आजोबांचे गुडघे पार गेले होते. ब्याऐंशी वर्षं झाली होती त्यांना. "या वेळी शेवटचं," असं ते जेवताना सहज म्हणाले होते. परवा मोठे काका त्यांना घोड्यावर पुढे बसवून आणणार होते. वरचे ढासळलेले दगड नीट लावायला तिघांना आधी पाठवलं होतं.

"परवा!" यांजिन म्हणाली. "परवा आजोबा येतील आणि इथे काय बघतील?"

"रडू नकोस. आधी माग काढू," ओचिर म्हणाला. हरवलेल्या मेंढ्या शोधण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. तो वाकून वाकून बघत फिरला. लांडग्याचं पाऊल नाही, विष्ठा नाही, कोल्ह्याचंही काही नाही.

"ओचिरदादा! इकडे ये! गाडी!" ओवोच्या मागून पूरेव किंचाळला.

खरंच चाकांच्या खुणा होत्या. जुन्या, पावसाने पुसट झालेल्या. एका बाजूचा पट्टा पूर्ण वेड्यावाकड्या नक्षीचा होता, आणि दुसऱ्यात मागच्या चाकाच्या नुसत्या सरळ रेघा.

"एक टायर वेगळाच बसवलाय," ओचिर म्हणाला. "पण इथवर गाडी आली कशी? समोरून तर घोडासुद्धा धापा टाकतो. मागून एक वाट आहे म्हणतात खरं, पण ती आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक असणार?"

ती वाट कुणाला ठाऊक होती, हे यांजिनला चांगलं ठाऊक होतं.

"काय गं, तोंड का असं झालं?" ओचिरने विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं," ती म्हणाली आणि घोड्याकडे वळली.

*

दुपारी नेहमीप्रमाणे गोंबोकाकांची करडी गाडी मुलांच्या गेरसमोर, त्या गोल लोकरी तंबूच्या घरासमोर, येऊन थांबली. गोंबोकाका परदेशी पाहुण्यांना फिरवण्याचा धंदा करत आणि अर्ध्या दिवसात सगळं दाखवत. मोडक्या राजधानीतलं दगडी कासव, मठाची पांढऱ्या स्तूपांची भिंत, गवतात उभा दगडी माणूस, आणि मग यांजिनच्या आईच्या हातचं घोडीचं आंबवलेलं दूध. माणूस वाईट नव्हता. येताना मुलांना गोळ्या आणायचा. पण त्याला सदा घाई. कासवाला पाच मिनिटं, दगडी माणसाला तीन!

यांजिन पाहुण्यांना वाडगे देत होती, तेवढ्यात गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले गोंबोकाकांना दिसले.

"कोण रे ते? गाडीखाली काय शोधतोस?"

"कोकरू!" पूरेव आतून म्हणाला.

"माझ्या गाडीखाली कोकरू?"

"नाहीये! तेच बघत होतो!"

पाहुणे हसले, गोंबोकाकाही हसले. पूरेव धूळ झटकत ओचिरजवळ गेला आणि कानात कुजबुजला, "मागचं डावं चाक. सरळ रेघा."

गोंबोकाकांनी टाळ्या वाजवल्या. "चला, चला, मंडळी! आता हजार वर्षांचा ओवो! पंधरा मिनिटं फक्त!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हजार वर्षांचा? कुठला?

गाडी रस्त्याने वळसा घालून जाणार होती. तिघं घोड्यांवर बसून टेकडीमागून आडवे निघाले, आणि मोठ्या रस्त्याच्या वळणावर पोचून एका उंचवट्याआड पालथे पडून राहिले.

खाली रस्त्याच्या कडेला दगडांचा एक ओवो उभा होता. कोरी करकरीत निळी वस्त्रं, आणि एका बाजूला, फोटोत नीट येईल अशा उंचीवर, एका घोड्याचं डोकं.

"अरे! हा तर..." ओचिर पुटपुटला. "गेल्या आठवड्यात आपण इथूनच गेलो होतो की!"

गेले होते. नुसते गेले नव्हते, तिघंही उतरले होते. निळं वस्त्र दिसलं की पाय आपोआप वळतात. तिघांनी घाईघाईत प्रदक्षिणा घातल्या होत्या, एकेक दगड ठेवला होता, आणि वर न बघता पुन्हा घोड्यावर चढले होते. यांजिनने तर मागणंही मागितलं होतं. आजोबांचे गुडघे बरे होऊ देत, म्हणून. खोंगोर हातभर अंतरावर होता आणि तिने मान वर केली नव्हती.

आता वाऱ्यावर गोंबोकाकांचा आवाज येत होता. "हा खानाच्या सेनापतीचा घोडा! लढाईत मालकाला पाठीवर घेऊन तीन दिवस धावला..."

पाहुणे ओवोभोवती फिरत होते, तेही उलटे. गोंबोकाका त्यांना थांबवायचं सोडून घड्याळ बघत होते.

यांजिनचे कान तापले. ते शब्द तिचे होते! तिने जूनमध्ये पाहुण्यांना सांगितलं होतं की खोंगोर शर्यतीत पाय मुरगळला तरी आजोबांना घेऊन शेवटपर्यंत धावला. त्या गोष्टीचा हा सेनापती झाला होता.

पाहुणे गेल्यावर तिघं खाली उतरले. यांजिनने समोरचे वरचे दात पाहिले. डावीकडच्या दाताला अर्धगोल खाच. खुंट चावायची खोड होती खोंगोरला.

"तोच आहे," ती म्हणाली.

"मग बघतेस काय? उचल आणि चल!" ओचिरने हात पुढे केला.

"ओचिर! ओवोवरून काही उचलायचं नसतं!"

"हा ओवो आहे? हा गोंबोकाकांनी रचलेला ढीग आहे!"

"मग गेल्या आठवड्यात ढिगाला नमस्कार केलास का?"

ओचिर उत्तर देणार, इतक्यात पलीकडून दूलमा आजी आल्या. शेजारच्या गेरमधल्या त्या म्हाताऱ्या. हातात दुधाची बादली. त्यांनी चमच्याने दूध उडवलं, कमरेवर हात ठेवून हळूहळू तीन प्रदक्षिणा घातल्या, ओठ हलत होते. त्यांची सून शहरातल्या दवाखान्यात होती, पहिलंच बाळंतपण अडलेलं. मुलांकडे बघून त्या हसल्या. "रस्त्यापाशीच ओवो आहे ते बरं बाई. डोंगरावर मला कुठलं चढवतंय!"

त्या गेल्यावर ओचिरने पुढे केलेला हात मागे घेतला.

"आपण काढलं तर आपण चोर," शेवटी यांजिन म्हणाली. "ज्यांनी ठेवलं, त्यांनीच काढायला हवं. तेही सगळ्यांसमोर."

"आणि ते का काढतील?"

पूरेव दगडांना नाक लावून बघत होता. "यांजिनताई, हे दगड किती गुळगुळीत आहेत! यांच्यावर दगडफूल का नाही?"

ओचिरने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पूरेव खालीच बसला. "शाब्बास रे लहानग्या!"

"मारून शाब्बास म्हणतात का?"

*

दुसऱ्या दिवशी गोंबोकाका भलतेच खूश होते. यांजिन स्वतः होऊन म्हणाली होती, "काका, आज पाहुण्यांना मी एक खेळ शिकवू? इंग्रजीत?"

"शिकव की! तुझी गोष्ट तर सगळ्यांना आवडते. तू माझी खरी जोडीदार!"

जूनमध्ये हेच शब्द ऐकून ती हवेत तरंगली होती. आज ते टोचले.

ओवोपाशी गाडी थांबली, तेव्हा तिथे दूलमा आजी होत्या. दोन ट्रकवाले उतरून दगड ठेवत होते. आणि शाळेत इतिहास शिकवणारे सेंगे गुरुजी एका दगडावर बसून घाम पुसत होते. ओचिर त्यांना सकाळीच जाऊन म्हणाला होता, "गुरुजी, तुम्हाला माहीत नसलेलं हजार वर्षांचं काहीतरी सापडलंय!" गुरुजी सायकल दामटत आले होते.

यांजिनने पाहुण्यांना हाक दिली. "आमच्याकडे जुन्या दगडावर केशरी, हिरवट दगडफूल उगवतं. आमच्या आजोबांनी तरुणपणी बांधलेल्या मेंढवाड्याच्या भिंतीवरसुद्धा आहे. हा ओवो तर हजार वर्षांचा! दगडफुलाचा एक ठिपका जो शोधेल, त्याला मूठभर अरूल!"

वाळवलेल्या दह्याचे ते खडे पूरेवने उंच धरले. पाहुणे हौसेने शोधायला लागले. कुणी वाकलं, कुणी गुडघ्यावर बसलं. ट्रकवाल्यांनाही मजा वाटली, तेही शोधू लागले. यांजिन आपल्या भाषेतही तेच पुन्हा पुन्हा सांगत होती, मोठ्याने.

"चला, चला, उशीर होतोय," गोंबोकाका म्हणाले.

"थांबा हो काका, अजून कुणाला सापडलं नाही!" ओचिर म्हणाला.

एका उंच पाहुण्याने दगडावरून हात फिरवला आणि इंग्रजीत म्हटलं, "हे तर नदीतले गोटे आहेत. पाण्याने गुळगुळीत झालेले."

सेंगे गुरुजी उठले. त्यांनीही हात फिरवला. मग गोंबोकाकांकडे नुसते बघत राहिले.

गोंबोकाका हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. दूलमा आजी बादली घेऊन पुढे आल्या. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"गोंबो, मी रोज कुणाला दूध घालते रे?"

गोंबोकाकांनी टोपी काढली.

"आजी... जूनमध्ये रचला मी. नदीतले दगड आणून. वर चढायला दोन तास लागतात, पाहुण्यांकडे अर्धाच दिवस असतो. ओवो तर सगळ्यांना बघायचा असतो. म्हटलं, आपणच खाली आणू. डोकं मी तसंच नाही उचललं हो! दोन्ही हातांनी, रेशमात धरून, माफी मागून..."

"माफी मागून चोरी!" एक ट्रकवाला म्हणाला.

"खोंगोरचा खालचा जबडा कुठे आहे?" यांजिनने विचारलं. तिने काल फक्त वरचे दात पाहिले होते. रात्री अंथरुणात तिला आठवलं होतं की खाली काहीच नव्हतं.

गोंबोकाका म्हणाले, "उतरताना गाडी फार आपटत होती. खाली आल्यावर बघतो तर नाही. कुठे पडला कळलंच नाही. आणि मागे वळायला वेळ नव्हता."

"ती मागची वाट तुम्हाला दाखवली कुणी?" सेंगे गुरुजींनी विचारलं. "ती दमदिन आजोबांच्या घरच्यांनाच माहीत."

गोंबोकाकांनी यांजिनकडे पाहिलं. एकच क्षण. तिला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

"मीच शोधली, गुरुजी," ते म्हणाले. "भटकता भटकता."

ते खोटं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनेच दाखवली होती ती वाट. पाहुण्यांनी गोष्ट ऐकून टाळ्या वाजवल्या, एका बाईने तिचे गाल कुरवाळले, आणि गोंबोकाका म्हणाले, "गाडी जाते का गं वर?" तेव्हा ती गाडीत पुढे बसून, खिडकीतून हात काढून, इकडून, तिकडून, असं सांगत गेली होती. किती ऐटीत!

आत्ता बोलायला हवं होतं. ती बोलली नाही.

"आता या ढिगाचं काय करायचं? पाडायचा?" ओचिरने विचारलं.

सगळे दूलमा आजींकडे बघू लागले. आजींनी ओवोवर हात टेकला. "दूध घातलंय. लोकांनी दगड ठेवलेत. आता तो ओवोच झाला, राहू दे. घोड्याचं डोकं मात्र ज्याचं त्याला परत. आणि गोंबो, हजार वर्षं म्हणू नकोस बाबा. दोन महिन्यांचा म्हण!"

ट्रकवाले खो खो हसले. गोंबोकाकांनी दोन्ही हात पुढे करून, मान खाली घालून डोकं उतरवलं.

*

परवाचा दिवस उजाडला. मोठ्या काकांच्या घोड्यावर आजोबा पुढे बसले होते. मागून सेंगे गुरुजी. दूलमा आजींनाही एका शांत घोडीवर बसवलं होतं. त्या हट्टानेच निघाल्या होत्या. गोंबोकाका मात्र पायी होते. रेशमात गुंडाळलेलं डोकं छातीशी धरून समोरचा सगळा चढ चढले. दोन तास! घोडा देऊ केला तरी घेतला नाही.

वर आल्यावर आजोबांनी डोकं मांडीवर घेतलं. त्यांना आता फारसं दिसत नसे. बोटं कपाळावरून खाली आली, डोळ्यांच्या खाचांवरून, वरच्या दातांवरून. खाचेपाशी जरा थांबली. मग आणखी खाली गेली आणि मोकळ्या हवेत तशीच राहिली.

कुणी काही सांगायच्या आत ते म्हणाले, "बरं. आहे तेवढा ठेवू."

त्यांनी खोंगोरला स्वतः सपाट दगडावर बसवलं. दूध उडवलं.

"दमदिन आजोबा," सेंगे गुरुजी म्हणाले, "तुमची नातवंडं म्हणजे कमाल आहे! मी तीस वर्षं इतिहास शिकवतोय, पण दगडफुलावरून वय ओळखायचं मला नाही सुचलं. शाळा उघडली की सगळ्या मुलांना हे सांगणार आहे मी!"

"दगडफूल मी पाहिलं होतं!" पूरेव म्हणाला. "आणि ओचिरदादाने मला मारलं!"

"माझ्या सुनेला मुलगी झाली, काल रात्री निरोप आला," दूलमा आजी म्हणाल्या. "दूध नदीच्या गोट्यांना घातलं तरी पोचलं म्हणायचं! मुलांनो, गुणाची लेकरं गं बाई तुम्ही."

आजोबांनी हात पसरले. "या इकडे. माझा घोडा आणलात तुम्ही."

ओचिरच्या डोक्याचा त्यांनी मायेने वास घेतला, जसा लहान मुलाचा घेतात. मग पूरेवच्या. यांजिन पुढे झाली नाही.

"यांजिन?"

"आजोबा, गोंबोकाकांना मागची वाट मी दाखवली." आवाज इतका बारीक निघाला की तिला वाटलं, वाऱ्यात गेला. "ते काल खोटं बोलले माझ्यासाठी. मी दाखवली. मला मोठं व्हायचं होतं त्यांच्यापुढे. टाळ्या हव्या होत्या."

ओचिरचं तोंड उघडंच राहिलं. गोंबोकाका पायांकडे बघत होते.

"ठाऊक आहे मला," आजोबा म्हणाले.

"कसं?"

"ती वाट मी आयुष्यात एकाच नातवंडाला दाखवली. गोंबोला दुसरं कोण दाखवणार?"

"मग तुम्ही रागावला का नाहीत?"

"रागावलोय," आजोबा म्हणाले, आणि तिचं डोकं जवळ ओढून त्यांनी वास घेतला. बराच वेळ सोडलं नाही.

परतीला मोठे काका आजोबांना घेऊन समोरच्या वाटेने उतरले. तिघं मुलं आणि गोंबोकाका मागच्या वाटेने निघाले. हातभर अंतर ठेवून, एका ओळीत, हरवलेलं कोकरू शोधावं तसे. प्रत्येक वळणावर थांबायचं, दोन्ही हातांनी गवत बाजूला सारायचं, खाली बघायचं, पुढे सरकायचं.

"इथे गाडी आपटली होती का?" ओचिर विचारायचा.

"बहुतेक," गोंबोकाका म्हणायचे. "नाहीतर पुढच्या खड्ड्यात."

दोनदा पूरेव "सापडला!" म्हणून ओरडला. एकदा मेंढीचं हाड होतं, एकदा वाळकी फांदी.

यांजिन वाकून चालत राहिली. जूनमध्ये ती गाडीच्या खिडकीतून हात दाखवत इथून गेली, तेव्हा गवत जेमतेम घोट्याएवढं होतं, पडलेला खडाही लांबून दिसला असता. आता ते गुडघ्याच्या वर आलं होतं.